प्रतिसाद : देवनागरी नाव एकाच तारेत

तार वाकवून नावे घडवताना इंग्रजी वळणदार नाव एकाच तारेत सहज बसते, पण देवनागरी नावाची अक्षरे सुटी पडतात, अशी अडचण मांडली जाते, आणि ती खरी आहे. मात्र तिच्यावर उपाय शिरोरेषेतच आहे.

सोलापुरात संक्रांतीच्या गड्डा यात्रेत हौसेने नावे करून देताना मी पहिले अक्षर डावीकडून सुरू करतो, प्रत्येक काना खाली नेऊन त्याच वाटेने वर आणतो, ती दुहेरी तार पकडीने दाबून एकजीव करतो आणि शेवटच्या अक्षरानंतर तीच तार उलट डावीकडे नेऊन सुरुवातीच्या टोकाला दोन वेढे देतो. परतीची ही तार शिरोरेषा होते आणि सगळे नाव तोलून धरते. मोडीतही आधी रेषा आखून मग शक्यतो लेखणी न उचलता अक्षरे लिहीत, म्हणून मोडी वळणे तारेला फार शोभतात. ती अवश्य करून पाहावीत.

तार २ मिलिमीटरची अॅल्युमिनियमची घ्यावी. पितळेची तार वाकवल्यावर थोडी मागे उसळते, तर तांब्याची तार वारंवार वाकवल्याने कडक होते. ती लालसर तापवून निवू दिली की पुन्हा मऊ पडते. लांबीचा अंदाज चुकू नये म्हणून कागदावरच्या नावावरून, परतीच्या रेषेसह, सुती दोरा फिरवून मोजावा आणि त्यात वीतभर तार वाढवावी. दातेरी पकडीचे व्रण मऊ तारेवर कायमचे उमटतात, म्हणून पकडीच्या तोंडाला कापडी पट्टी गुंडाळणे मी कधीच टाळत नाही.