105 बाय 68 बसत नसेल तर फुटबॉल खेळूच नये?

सडेकर: परवा गुहागर तालुक्यातल्या एका वाडीतली फुटबॉल स्पर्धा पाहिली. भात कापलेल्या मळ्यात बांबूचे गोल, मैदानाच्या कोपऱ्यातून गेलेला बांध. 105 बाय 68 मीटर जागा नसेल त्यांनी स्पर्धा भरवूच नयेत. पोरांना वाईट सवयी लागतात.

खाडीकर: हे वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. 105 बाय 68 हे मोठ्या स्टेडियमचं माप. नियमात लांबी 90 ते 120 मीटर आणि रुंदी 45 ते 90 मीटर चालते. 90 बाय 45 म्हणजे एक एकर, चाळीस गुंठे. तुमच्या मापाला सत्तर गुंठे लागतात, तेही सपाट. आमच्याकडे एका सातबाऱ्यावर बारा नावं, वर सड्यावरच्या सपाटीला गेलं तर कातळ. कुठून आणायची एवढी जागा?

धरून बसायचं तर आतली मापं धरा. गोल 7.32 बाय 2.44. पेनल्टी क्षेत्र खांबाच्या आतल्या कडेपासून 16.5 मीटर. पेनल्टीचा ठिपका गोलरेषेपासून 11 मीटरवर, मधल्या वर्तुळाची त्रिज्या 9.15. तीन वर्षांपूर्वी आमच्या उपांत्य सामन्यात दोघांनी दोन टोकं पावलांनी आखली. हरल्यावर मी टेप लावला. एक ठिपका निघाला 8.60 वर, दुसरा 10.20 वर. 8.60 च्या बाजूला गोलात माझा मुलगा उभा होता.

सडेकर: म्हणजे मैदान कसंही चालेल आणि ठिपका मात्र सेंटिमीटरवर हवा? हरलात म्हणून टेप आठवला.

खाडीकर: कसंही चालेल असं मी कुठे म्हटलं? नीट वाचा आणि माझ्या पोराच्या हरण्यावर बोलू नका.

मालवणी काका: टेपीचा रवांदे, फक्कीचा, म्हणजे रेषो मारूच्या चुन्याचा, काय ता आधी बोला. गेल्या वर्षी माझ्या भाच्याच्या डोळ्यात चुनो गेलो. जमीन ओली, पोर घसारलो तो थेट रेषेर. दोन म्हयने डोळ्यार पट्टी. गोणीत पाण्यान विझवलेलो आसा की न विझवलेलो कळीचो, कोण बघता?

जुना खेळाडू: आम्ही चाळीस वर्षं चुनाच मारतोय, कुणाचे डोळे गेले नाहीत. पोरं नाजूक झालीत.

मालवणी काका: माझ्या भाच्याक येवन् सांग ह्या. बघूया तुझी हिंमत.

सिस्टर: मी रुग्णालयात नोकरी करते. चुना क्षार असतो, ओल्या डोळ्यात तो आतपर्यंत जाळत जातो. डोळा चोळू नका. जागीच भरपूर पाण्याने किमान पंधरा-वीस मिनिटं धुवा, धुणं संपलं की लगेच डॉक्टरकडे. आमच्याकडे मुलं येतात ती रुमाल बांधून, अर्ध्या तासाने. रेषा धोकादायक नसाव्यात हेसुद्धा नियमातच आहे, नियमवाल्यांनी तेही वाचावं.

जुना खेळाडू: मग काय मैदानावर रांगोळी घालायची?

सिस्टर: हो, तीच. दगडाची भुकटी असते, भाजत नाही.

जुना खेळाडू: वाऱ्याने उडते ती. बरं, लहान मुलांच्या सामन्याला घालू. मोठ्यांच्या नाही.

किनारी: आम्ही ओहोटीला ओल्या घट्ट वाळूवर खेळतो. बीच सॉकरला मैदान 35 ते 37 बाय 26 ते 28 मीटर, आत एकही रेषा नाही. मध्यरेषेच्या टोकांना लाल झेंडे, पेनल्टी क्षेत्राची हद्द दाखवायला पिवळे. ना चुना, ना सातबारा. फक्त वेळ रोज पाऊण तासाने पुढे सरकते, ते मुलांना आता पाठ झालंय.

गवताचा वाली: आणि क्रिकेटवाले? गावाच्या एकुलत्या एक मैदानाच्या मधोमध सिमेंटची खेळपट्टी ओतून ठेवलीय. मधलं वर्तुळ तिच्यावर. माझे दोन्ही गुडघे तिथेच फुटले. त्यावर धागा काढा कुणीतरी.

सडेकर: 90 बाय 45 मी नियमात पाहिलं. आहे. पण तो बांध?

खाडीकर: बांधाचं तुमचं बरोबर. तो नको होता, पोराचा पाय मोडेल. फोडायचा तर शेतमालकाला विचारावं लागेल आणि पावसाआधी परत घालून द्यावा लागेल. नाहीतर मैदान चार मीटर अलीकडे घ्या.

सडेकर: अलीकडे घेतलंत तर कोपरे पुन्हा काटकोनात आणावे लागतील. दोरीने करू नका, दोरी ताणली की लांबते. टेपने एका बाजूला 6 मीटर, दुसरीला 8, कर्ण 10 भरला पाहिजे. माझ्याकडे पन्नास मीटरचा टेप आहे, शनिवारी घेऊन येतो. ठिपके मी स्वतः मोजणार, दोन्ही टोकांचे.

खाडीकर: या. सकाळी सातला, ऊन चढायच्या आत.

मालवणी काका: आणि रांगोळी मी हाडतंय. चुन्याची गोणी दिसली तर खाडीत टाकतलंय.