मदत हवी आहे : घरासाठी स्मोक अलार्म कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी, आई-बाबा कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर दोघंच राहतात. बाबांना हल्ली कमी ऐकू येतं. रात्री शॉर्ट सर्किट होऊन वायर धुमसू लागली तर त्यांना वेळेत जाग यावी, एवढीच माझी काळजी आहे.

वाचून इतकं कळलं की फोटोइलेक्ट्रिक प्रकार धुमसणारी आग लवकर ओळखतो, तर आयोनायझेशनवाला भडकलेल्या ज्वाळांना लवकर प्रतिसाद देतो, पण फोडणीच्या धुरानेही उगाच वाजतो. त्यामुळे झोपायच्या खोलीत आणि पॅसेजमध्ये फोटोइलेक्ट्रिक, स्वयंपाकघरात हीट डिटेक्टर (धुराऐवजी उष्णता ओळखणारा) असं ठरवतेय. देवघर मात्र हॉलमध्येच आहे आणि आईचा धूप रोज संध्याकाळी असतो, तो बंद करायला मी सांगणार नाही. मग तिथला अलार्म देवघरापासून किती लांब लावावा?

सर्वात महत्त्वाचं बाबांचं. नेहमीच्या अलार्मचा कर्कश आवाज साधारण ३००० हर्ट्झचा असतो, वयामुळे नेमका तोच ऐकू येत नाही. ५२० हर्ट्झचा खालच्या पट्टीतला आवाज किंवा उशीखाली थरथरणारं पॅड असलेला अलार्म पुण्यात कोणाला मिळालाय का? दुकान कुठलं, किंमत किती?

महिन्यातून एकदा टेस्ट बटण दाबणं आणि १० वर्षांनी अख्खा अलार्म बदलणं माहीत आहे. पण आपल्याकडच्या धुळीत आतला भाग किती दिवसांनी साफ करता? व्हॅक्यूमचा ब्रश पुरतो का? आणि बॅटरी बदलायला त्यांनी स्टुलावर चढू नये म्हणून सीलबंद, १० वर्षं टिकणाऱ्या बॅटरीचा घ्यावा का? वापरणाऱ्यांनी कृपया सविस्तर सांगा.