पोलिसांचं कल्याण: आधी योजना की आधी सुट्टी?

नायगावची लेक

माझं लहानपण नायगावच्या पोलीस वसाहतीत गेलं. बाबा मुंबई पोलिसांतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर मागच्या आठवड्यात लागोपाठ तीन बातम्या आल्या. आरोग्य तपासणी शिबिर, पोलीस पाल्यांसाठी करिअर मार्गदर्शन आणि ताणतणावावर कार्यशाळा. तिन्ही चांगल्याच. पण खाली नोकरीत असलेल्या एका शिपायाने विचारलं होतं, "रातपाळी करून शिबिराला थांबायचं का, की सुट्टीच्या दिवशी यायचं?" त्याला कुणी उत्तर दिलं नाही. म्हणून हा धागा.

बाबांची साप्ताहिक सुट्टी मंगळवारी असायची. दळण, बँक, माझ्या शाळेतल्या बाईंना भेटणं, सगळं आई मंगळवारवर ढकलायची. सकाळी दहाच्या सुमारास शेजारच्या काकूंकडे फोन यायचा आणि काकू दारातूनच सांगायच्या, "वहिनी, भाऊंना बंदोबस्त लागलाय." बाबा एक शब्द न बोलता गणवेश चढवायचे. मी दहावीत जाईपर्यंत मला वाटायचं की मंगळवार म्हणजे बाबा उशिरा कामाला जातात तो दिवस.

हे एकट्या आमच्या घरचं नव्हतं. 2014 साली केंद्राच्या पोलीस संशोधन ब्युरोसाठी देशभर अभ्यास झाला. पोलीस ठाण्यांतले जवळपास 90 टक्के कर्मचारी दिवसाला आठ तासांहून जास्त काम करतात आणि 73 टक्क्यांहून अधिक जणांना महिन्यात एकही साप्ताहिक सुट्टी मिळत नाही, असं त्यात आढळलं. 2019 च्या पोलीस स्थिती अहवालात कामाची सरासरी दिवसाला 14 तास निघाली.

यावर उपाय आपल्याच शहरात करून पाहिलेला आहे. मे 2016 मध्ये दत्ता पडसलगीकर आयुक्त असताना देवनार ठाण्यात आठ तासांची ड्युटी सुरू झाली. ती कल्पना तिथल्याच एका शिपायाची होती. जानेवारी 2018 पासून ती मुंबईतल्या सगळ्या ठाण्यांत नेली. पुढे करोनात घडी विस्कटली ती विस्कटलीच.

माझं म्हणणं सरळ आहे. पोलिसाचं पहिलं कल्याण म्हणजे वेळेवर सुटणं आणि ठरलेली सुट्टी ठरल्या दिवशी मिळणं. प्रत्येक ठाण्याच्या फलकावर दर महिन्याला लिहा, किती जणांना किती सुट्ट्या देय होत्या आणि किती मिळाल्या. शिबिरं घ्यायची तर ड्युटीच्या वेळेत घ्या. हे होत नसेल तर बाकीच्या योजना म्हणजे उपाशी माणसाला आधी रुमाल देण्यासारखं आहे.

निवृत्त निरीक्षक, ठाणे

ताई, तुमच्या वडिलांचा मंगळवार वाचून गलबललो. असे फोन मीही करायला लावले आहेत. तरीही तुमचा क्रम मला पटत नाही.

हिशेब मांडतो. एका पॉइंटवर चोवीस तास माणूस हवा. आठ तासांच्या तीन पाळ्या, आठवड्याच्या एकवीस. एक माणूस सहा पाळ्या करणार, म्हणजे साडेतीन माणसं इथेच लागली. त्यात रजा, आजारपण, कोर्टाची तारीख, प्रशिक्षण, आरोपी पार्टी (आरोपीला कोर्टात नेणं-आणणं) धरली की एका पॉइंटला चारहून जास्त माणसं होतात. बारा तासांच्या दोन पाळ्यांत तेच काम तीन माणसांत निघतं. ही वाढीव माणसं कुठून आणायची? 2023 मध्ये मुंबईत मनुष्यबळ कमी पडलं म्हणून राज्य सुरक्षा महामंडळाचे तीन हजार जवान तात्पुरते घ्यायचं ठरलं, तेव्हा "कंत्राटी पोलीस" म्हणून केवढा गदारोळ झाला ते आठवा.

आणि योजनांना रुमाल म्हणू नका. माझ्या हाताखालच्या एका हवालदाराची बायपास पोलीस कुटुंब आरोग्य योजनेतून झाली. रुग्णालय यादीतलं होतं, आजार यादीतला होता, खिशातून पैसे भरावे लागले नाहीत. तो आज नातवाला शाळेत सोडतो. मनुष्यबळ वाढवणं शासनाच्या हातात आहे, शिबिर भरवणं आयुक्तांच्या आणि उपायुक्तांच्या. जे हातात आहे ते त्यांनी करायचंच नाही का?

दादरचा वाचक

मी पोलीस नाही, घरातही कुणी नाही. जरा कटू वाटेल, पण लिहितो.

बारा-चौदा तास काम काय फक्त पोलीस करतात? एसटीचे चालक, सरकारी रुग्णालयातल्या परिचारिका, निवासी डॉक्टर यांच्यासाठी वसाहती, कॅन्टीन, वेगळी आरोग्य योजना किती आहे? पोलिसांना किरकोळ रजा 2022 मध्ये 12 वरून 20 झाल्या. आनंद आहे. पण दोन वर्षांपूर्वी माझ्या आईची सोनसाखळी गेली तेव्हा तक्रार नोंदवायला आम्हाला तीन फेऱ्या मारायला लावल्या. चौथ्यांदा ओळखीच्या माणसाला घेऊन गेलो तेव्हा कागद पुढे सरकला. कर्मचाऱ्यांच्या कल्याणाची चर्चा नेहमी होते. त्या कल्याणातून माझ्या आईला काय मिळालं, हे कोण मोजतं?

नायगावची लेक

दादा, तुमच्या आईंना झालेला त्रास खराच आहे, त्याची बाजू मी घेणार नाही. पण त्या टेबलामागचा माणूस कितव्या तासाला बसला होता, हा प्रश्नही विचारायला हवा. सोळाव्या तासाला माणसाला समोरचा तक्रारदार दिसत नाही, वाढलेलं काम दिसतं. बाबा घरी आल्यावर आमच्याशीही तसेच बोलायचे.

परिचारिकांचं म्हणाल तर त्यांनाही वेळेवर सुट्टी हवीच. त्यांना मिळत नाही म्हणून इतरांनाही नको, असं कसं म्हणायचं?

दादरचा वाचक

सोळावा तास मान्य. पण आम्ही गेलो होतो सकाळी साडेदहाला, आणि तिन्ही वेळा वेगवेगळी माणसं होती. सगळं थकव्यावर ढकलू नका. काही गोष्टी सवयीच्या असतात.

बदलापूर लोकल

नोकरीत आहे, म्हणून नाव लिहीत नाही. महिला अंमलदार, मध्य मुंबईतलं एक ठाणं.

2022 च्या सुरुवातीला राज्यभर महिलांसाठी आठ तासांचा आदेश निघाला. आमच्याकडे तो काही महिने नीट पाळला गेला. त्या काळात मी मुलीला झोपण्याआधी जागी बघत होते, एवढं एकच सांगते. पण ठाण्यातले पुरुष सहकारी म्हणायला लागले, "तुम्ही सुटलात, तुमचे चार तास आमच्या डोक्यावर." ते खोटं नव्हतं. माणसं तेवढीच, काम तेवढंच. द्यायचं तर सगळ्यांना द्या, नाहीतर आमच्याआमच्यात भांडणं लागतात.

ताई, तुमच्या क्रमात मला एक बदल हवा आहे. तुम्ही वसाहतीत वाढलात, बाबा चालत ड्युटीला जात असतील. मी पहाटे 4:50 ची लोकल पकडते. जाऊन-येऊन चार तास. माझ्या आठ तासांचे बारा होतात आणि बारांचे सोळा. मला सुट्टी आधी की घर आधी असं विचाराल तर मी घर म्हणेन. ठाण्यापासून अर्ध्या तासाच्या आत, गळत नसलेलं.

आता ताणतणावाच्या कार्यशाळेबद्दल. समुपदेशक बाई चांगल्या होत्या. पण हॉलमध्ये शंभर जण, पहिल्या रांगेत आमचे साहेब. तिथे कोण सांगणार, की मला रात्री झोप लागत नाही? एकट्यात जायचं तर भीती वेगळी. बोललेलं वर कळलं तर पिस्तूल काढून घेतील, साइड पोस्टिंग देतील, शेरा लागेल. बाहेरच्या डॉक्टरकडे जायला वेळ नाही, आतल्याकडे जायला धीर नाही. समुपदेशन हवंच, पण ते खात्याच्या इमारतीबाहेर आणि खात्याच्या कागदाबाहेर हवं.

गिरणगावातून

घराचा विषय निघालाच आहे तर लिहितो. वडील गिरणी कामगार. आम्ही ना. म. जोशी मार्गाच्या बीडीडी चाळीत राहायचो, शेजारच्या खोल्यांत पोलीस कुटुंबं होती. 160 चौरस फूट, संडास मजल्यावर सामाईक. त्यांची मुलं आणि आम्ही एकाच जिन्यात अभ्यास केला.

पुनर्विकासात तिथल्या पोलीस कुटुंबांना मालकीचं 500 चौरस फुटांचं घर द्यायचं ठरलं. 2022 मध्ये त्यासाठी आधी 50 लाख सांगितले, ओरड झाल्यावर 25, आणि सरकार बदलल्यावर 15 लाख. ज्यांची हयात तिथे गेली त्यांना घर मिळालं, माझा त्यांच्यावर राग नाही. पण बदलापूरच्या ताईंसाठी प्रश्न असा आहे, की ते सेवानिवासस्थान होतं ना? ते एकदा मालकीचं झालं की पुढच्या तुकडीतल्या शिपायाला वरळीत, नायगावात खोली उरतच नाही. एका पिढीचं कल्याण झालं आणि पुढची पिढी 4:50 च्या लोकलमध्ये बसली. निवृत्तांना घर द्याच, ते म्हाडाच्या सोडतीतून द्या, कर्जावर द्या. ठाण्याजवळची जागा नोकरीतल्या माणसासाठीच राहायला हवी.

निवृत्त निरीक्षक, ठाणे

बोलायला सोपं आहे. तीस वर्षं मुंबईत राबून निवृत्तीच्या महिन्यात खोली खाली करायची नोटीस हातात पडते, तेव्हा शिपायाने जायचं कुठे? गावची जमीन भावांनी वाटून घेतलेली असते. खोली सोडली नाही म्हणून दंडाचं भाडं निवृत्तिवेतनातून कापलेली माणसं मी पाहिली आहेत. बीडीडीतल्या लोकांना मिळालं ते योग्यच मिळालं.

गिरणगावातून

काका, मीही तेच म्हणतोय, त्याला घर मिळायलाच हवं. फक्त ते पुढच्याच्या खोलीतून काढून द्यायचं नाही.

सोलापूरचा वकील

या सगळ्यात ज्याच्याबद्दल बोलतोय तो शिपाई कुठे आहे? बदलापूरच्या ताईंना नाव लपवावं लागलं, यातच उत्तर आहे. योजना ठरवणारे अधिकारी, घरांची किंमत ठरवणारे मंत्री, शिबिराची तारीख ठरवणारं कार्यालय. अंमलदाराचं मत कुठेच घेतलं जात नाही, कारण घ्यायला संघटनाच नाही. 1966 च्या केंद्रीय कायद्याने पोलिसांच्या संघटना करण्याच्या हक्कावर बंधनं घातली आहेत.

महाराष्ट्रात एक संघटना होती. मान्यता काढल्यानंतर, 18 ऑगस्ट 1982 ला, नेत्यांच्या अटकेवरून मुंबईत पोलीसच रस्त्यावर आले. त्याच वर्षी गिरणी संप चालू होता आणि कामगारही त्यांच्यात मिसळले. बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री होते. लष्कर आणि सीमा सुरक्षा दल बोलवावं लागलं, अनेक जण बडतर्फ झाले. त्यानंतर चाळीसहून जास्त वर्षं या विषयावर कुणी तोंड उघडत नाही.

निवृत्त निरीक्षक, ठाणे

उघडू नयेच. त्यानंतर काही वर्षांनी मी भरती झालो. ज्येष्ठ हवालदार त्या दिवसांबद्दल बोलताना आवाज खाली आणायचे. दुकानं लुटली गेली, लोकलवर दगड पडले आणि थांबवायला कुणी नव्हतं. ज्याच्या हातात शस्त्र आहे त्याला संपाचा हक्क देता येत नाही. तक्रार असेल तर दरबार आहे, तिथे सगळ्यांसमोर वरिष्ठांना गाऱ्हाणं सांगता येतं. ऑर्डर्ली रूम आहे, तिथे साहेबांपुढे एकट्याने उभं राहून सांगता येतं. मी स्वतः दरबारात उठून बोललो आहे.

सोलापूरचा वकील

साहेब, तुम्ही निरीक्षक म्हणून उठलात. दोन वर्षं नोकरी झालेला शिपाई आयुक्तांसमोर उठून "सुट्टी मिळत नाही" म्हणाला, तर दुसऱ्या दिवशी त्याची ड्युटी कुठे लागते?

आणि संप कोण मागतंय? केरळात पोलिसांच्या मान्यताप्राप्त संघटना आहेत, त्यांच्या निवडणुका होतात, त्या सरकारशी बोलतात. तिथलं दल कोसळलेलं नाही.

बदलापूर लोकल

दरबारात मी एकदा उठले होते. महिलांच्या विश्रांती खोलीला आतून कडी नाही, एवढंच सांगितलं. कडी आठ दिवसांत बसली, हे खरं. त्यानंतरच्या गणपतीत अकराही दिवस मला चौपाटीचा बंदोबस्त लागला, हेही खरं. संबंध होता की नव्हता, मला सिद्ध करता येणार नाही. पुन्हा काही मी उठले नाही.

नायगावची लेक

बदलापूरच्या ताई, घराचं तुम्ही म्हणता ते मला सुचलंच नव्हतं. बाबांचं ठाणं घरापासून दहा मिनिटांवर होतं, म्हणून बारा तास निदान बाराच राहायचे. माझ्या यादीत घर सुट्टीच्या बरोबरीने.

काका, तुमचा चार माणसांचा हिशेब मान्य. पण तो शासनापुढे मांडायचा तर पुरावा लागेल ना? कुठल्या ठाण्यात महिन्याला किती सुट्ट्या बुडाल्या, हे लिहिलेलंच नसेल तर माणसं कमी आहेत हे तरी कसं दाखवणार? फलक मी त्यासाठीच मागते आहे. करोनात मुंबई पोलीस दलातले शंभरहून जास्त लोक गेले. कुटुंबांना 50 लाख जाहीर झाले, ते द्यायलाच हवे होते. पण जिवंतपणी त्यांच्या किती सुट्ट्या देणं राहिलं होतं, ते कुठल्याच वहीत नाही.

निवृत्त निरीक्षक, ठाणे

वहीत असतं, ताई. ड्युटीची नोंद असते, बुडालेली सुट्टी त्यातून काढता येते. कुणी काढत नाही.

शेवटच्या ठाण्यात मी एक केलं होतं. ड्युटी रोज रात्री लावण्याऐवजी पंधरा दिवसांचा तक्ता आधी लावायचा आणि सुट्टीच्या रकान्याला फक्त मीच हात लावायचा. बंदोबस्त आला तर ज्याची सुट्टी मागच्या वेळी बुडाली त्याची या वेळी नाही, एवढाच नियम. माणूस एकही वाढला नाही. सगळ्यांना सगळ्या सुट्ट्या नाही मिळाल्या, पण बायकोला तारीख सांगता येऊ लागली. माझी बदली झाली आणि तो तक्ता गेला. फलकाला माझा विरोध नाही, हे लिहून ठेवतो. संघटनेला आहे.

बदलापूर लोकल

काका, त्या तक्त्याचे रकाने कसे होते ते इथे लिहाल का? आमच्याकडे ड्युटी वाटणारे हवालदार ऐकणारे आहेत. ते करून बघतील.