हक्कसोडपत्रावर सही करून बसलेय, मदत हवी आहे

नमस्कार. माहेर कराड तालुक्यात, सासर सांगलीत. दिवाळीनंतर वडील गेले, मृत्युपत्र नाही. दिवसकार्याच्या गडबडीत दादाने "सोसायटीच्या कर्जाला लागतंय" म्हणून 500 च्या स्टॅम्पवर माझी सही घेतली. मीही न वाचता केली, वेडीच. आता वडिलांच्या शेतजमिनीच्या फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावर वारसांची नावं लावायच्या नोंदीची, नोटीस आलीय. वारस आई आणि दादा, माझं नावच नाही! हरकतीला 15 दिवस, त्यातले 6 गेले.

हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलीलाही हक्क आहे, एवढं ठाऊक आहे. पण दुय्यम निबंधकाकडे न नोंदवलेलं हक्कसोडपत्र फेरफाराला चालतं का? हरकत तलाठ्याकडे द्यायची की मंडळ अधिकाऱ्याकडे? दादाशी वाकडं घ्यायचं नाही. उसाचं बिल खुशाल त्याने घ्यावं, सातबाऱ्यावर नाव मात्र हवं.