चीनमध्ये इंग्रजी शिकवायला जाताना संस्था कशी पारखावी? (अनुभव धागा)

चीनमधल्या शाळा, विद्यापीठं, शिकवणी केंद्रं यांत शिकवणारी किंवा भरतीचं काम पाहिलेली बरीच मराठी मंडळी आहेत. त्यांनी इथे लिहावं, म्हणून हा धागा. एक विनंती: किस्से बाजूला ठेवू या. करारावर सही करायला बसलेल्या माणसाला उपयोगी पडेल असं लिहा. कुठला कागद मागायचा, त्यावर नेमकं काय बघायचं, कुठे गडबड होते आणि का होते.

सुरुवात व्हिसापासून करते, कारण संस्थेची पहिली परीक्षा तिथेच होते.

नोकरीसाठी चालतो तो झेड व्हिसा. क्रम ठरलेला आहे. आधी संस्था ऑनलाइन अर्ज करून तुमच्या नावाचं ‘कामाच्या परवान्याचं सूचनापत्र’ मिळवते. ते पत्र दाखवून तुम्ही आपल्या देशात झेड व्हिसा काढता. चीनमध्ये उतरल्यावर १५ दिवसांत कामाच्या परवान्याचा अर्ज आणि ३० दिवसांत वास्तव्य परवान्याचा अर्ज. झेड व्हिसाच्या स्टिकरवर मुक्कामाच्या दिवसांच्या जागी ‘०००’ छापलेलं असतं. ते पाहून लोक घाबरतात, पण ती चूक नसते. मुक्काम वास्तव्य परवान्यावर ठरणार, एवढाच त्याचा अर्थ.

“आत्ता पर्यटक किंवा बिझनेस व्हिसावर या, वर्ग सुरू करा, नंतर हाँगकाँगला जाऊन बदलून घेऊ” असं संस्था म्हणाली की बोलणं तिथेच थांबवा. २०१३ पासून लागू असलेल्या प्रवेश-निर्गमन कायद्यात बेकायदा काम करणाऱ्या परदेशी माणसाला ५,००० ते २०,००० युआन दंड आहे. प्रकरण गंभीर ठरलं तर ५ ते १५ दिवसांची कोठडीही होते. सक्तीने परत पाठवलेल्याला १ ते ५ वर्षं प्रवेश मिळत नाही. संस्थेलाही माणशी १०,००० युआन दंड होतो, पण तिचं दुकान चालू राहतं. तुमच्या पासपोर्टवरची नोंद मात्र तुमच्याबरोबर फिरते.

चेंगदूहून

भारतीय पासपोर्ट असणाऱ्यांनी हे आधी वाचावं, कारण एजंट नेमकं हेच सांगत नाहीत.

भाषा शिकवणाऱ्या परदेशी शिक्षकाने तत्त्वतः आपल्या मातृभाषेच्या देशाची भाषा शिकवावी, किमान बॅचलर पदवी असावी, आणि भाषा शिकवण्याचा २ वर्षांचा अनुभव असावा, असा नियम आहे. शिक्षणशास्त्राची किंवा भाषेची पदवी, शिक्षकाचा परवाना किंवा मान्य टेफल प्रमाणपत्र (परभाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचं, साधारण १२० तासांचं मागतात) असेल तर अनुभवाची अट सुटू शकते, मातृभाषेची नाही. प्रत्यक्षात बहुतेक कार्यालयं अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांचे पासपोर्ट धरतात. तेव्हा न्यूजर्सीत वाढलेल्या मराठी मुलीला जे सहज मिळतं, ते पुण्यात इंग्रजी माध्यमात शिकलेल्या आणि दहा वर्षं इंग्रजीच शिकवणाऱ्या शिक्षिकेला मिळेलच असं नाही. हे अन्यायाचं आहे, पण अर्ज त्याच नियमावर तपासला जातो.

म्हणून “होऊन जाईल” यावर विसंबून इथली नोकरी सोडू नका. सूचनापत्र हातात आल्याशिवाय राजीनामा नाही, तिकीट नाही. पत्र आल्यावर त्यावरचं पद वाचा. इंग्रजी शिक्षकाऐवजी ‘मार्केटिंग मॅनेजर’ किंवा ‘सल्लागार’ असं लिहून परवाना काढणारे आहेत. असा माणूस वर्गात फळ्यासमोर सापडला तर परवाना असूनही काम बेकायदा ठरतं.

सरळ वाट विषयशिक्षकाची. आंतरराष्ट्रीय किंवा द्विभाषिक शाळांत गणित, भौतिकशास्त्र, संगणक इंग्रजीतून शिकवायला माणसं लागतात. बी.एड. आणि त्याच विषयाचा किमान २ वर्षांचा अनुभव असेल, तर अर्ज आपल्या पायावर उभा राहतो.

कागदांचं म्हणाल तर पदवी, अनुभवपत्र आणि पोलिसांचा दाखला यांना मान्यता लागते. चीनमध्ये ७ नोव्हेंबर २०२३ पासून अपोस्टिल (परदेशी कागद मान्य होण्यासाठीचा एकच सरकारी शिक्का) चालू झालं, पण भारतातल्या कागदांचं त्यावर भागेल असं गृहीत धरू नका. मुंबईतल्या चिनी वाणिज्य दूतावासाची चालू पद्धत विचारा आणि मगच पैसे भरा. पोलिसांचा दाखला सगळ्यात शेवटी काढा. तो सहसा ६ महिन्यांच्या आतला मागतात, आणि पदवीच्या कागदांना वेळ लागला की त्याची मुदत टळून जाते.

शांघायहून, भरतीच्या बाजूने

माझ्या मते संस्था पारखायची म्हणजे एकच नाव चार ठिकाणी जुळतंय का ते बघायचं. करारावरचं, शिक्क्यातलं, कामाच्या परवान्यावरचं आणि पगार पाठवणाऱ्या खात्याचं. चारही एक असतील तर निम्मी काळजी मिटली. एकही वेगळं निघालं तर कारण लेखी मागा.

इंग्रजी नावाला चीनमध्ये कायद्याच्या दृष्टीने किंमत नाही. ‘सनशाइन’, ‘ऑक्सफर्ड’ असली पाटी कोणीही लावतं. संस्थेचं पूर्ण चिनी नाव आणि १८ अंक-अक्षरांचा ‘एकीकृत सामाजिक पत क्रमांक’ (म्हणजे तिचा नोंदणी क्रमांक) मागा. देताना कां-कूं झाली की तिथेच समजायचं. तो क्रमांक सरकारच्या कंपनी-नोंदणीच्या संकेतस्थळावर, किंवा ‘तिआनयेनचा’ आणि ‘छीछाचा’ या कंपन्यांची माहिती देणाऱ्या ॲपवर टाका. सगळं चिनीत असलं तरी भाषांतराच्या ॲपने पुरेसं कळतं. बघायच्या गोष्टी: स्थापना कधीची, कायदेशीर प्रतिनिधी कितीदा बदलला, ‘असाधारण कामकाज’ यादीत नाव आहे का, कर्मचाऱ्यांनी घातलेले वेतनाचे खटले किती, आणि न्यायालयाने ठरवलेली रक्कम न देणाऱ्यांच्या यादीत नाव आहे का. मोठ्या संस्थेवर दोनचार खटले असतात, त्याने बिचकू नका. एकाच वर्षात वेतनाचे दहाबारा खटले दिसले तर मात्र लांब राहा. शाळा सरकारी असेल तर ती कंपनी-नोंदणीत सापडणार नाही, तिची नोंद सार्वजनिक संस्थांच्या यादीत असते.

आता शिक्का. चीनमध्ये सहीपेक्षा शिक्का मोठा. ‘गोंगझांग’ म्हणजे संस्थेची अधिकृत मोहोर. लाल, गोल, मधे पाच टोकांचा तारा, ताऱ्याच्या वरून कमानीसारखं संस्थेचं पूर्ण चिनी नाव, आणि खाली सहसा बारीक आकड्यांचा क्रमांक. कमानीतलं एकेक अक्षर नोंदणीतल्या नावाशी लावून बघा. नीट काम करणारी संस्था आणखी एक शिक्का मारते. कराराची पानं पंख्यासारखी सरकवायची आणि कडांवरून एकच शिक्का उमटवायचा, म्हणजे प्रत्येक पानावर त्याची एकेक चीर येते. मधलं एखादं पान बदललं तर चिरी जुळत नाहीत. तो नसेल तर मागून घ्या, कोणी वाईट वाटून घेत नाही.

मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंपन्यांपासून जपा. करार आणि परवाना कंपनीचा, वर्ग मात्र तिसऱ्याच शाळेत. परवाना ज्या संस्थेचा, काम तिचंच करायचं असतं. तपासणी आली की शाळा हात वर करते आणि कंपनी फोन उचलत नाही.

हांगझौहून, विद्यापीठात

शांघायच्या दादांनी नावाचं सांगितलं, मी आकड्यांचं सांगते.

‘आठवड्याला २० तास’ वाचून हो म्हणू नका. तास म्हणजे किती मिनिटं हे करारात हवं. ४० मिनिटांच्या २० तासिका म्हणजे १३ तास २० मिनिटं. ६० मिनिटांच्या २० म्हणजे दीडपट काम. विद्यापीठात साधारण ४५ मिनिटांच्या १६ तासिका असतात, त्याही जोडून. पगार कमी, पण हिवाळ्याची आणि उन्हाळ्याची सुटी लांब. ती सुटी पगारी आहे का आणि करार १० महिन्यांचा आहे की १२, हे आधी विचारा. १२ महिने १६,००० युआन हे १० महिने १८,००० युआनपेक्षा वर्षाला १२,००० ने जास्त पडतात.

शिकवण्याशिवाय शाळेत बसून राहायचे तास वेगळे लिहून घ्या. ‘संस्था सांगेल ती इतर कामे’ या एका ओळीत रविवारचे डेमो वर्ग, जाहिरातीचे व्हिडिओ, पालकांच्या भेटी असं सगळं मावतं. ती ओळ काढत नसतील तर मर्यादा घालून घ्या: महिन्याला जास्तीत जास्त २ डेमो, पुढच्या प्रत्येकाचे अमुक युआन.

पगार करापूर्वीचा की हातात येणारा? करापूर्वी २०,००० युआन असेल तर दरमहा ५,००० करमुक्त. वर्षात १८३ दिवस राहणाऱ्याचा कर साचत्या रकमेवर कापतात. जानेवारीत फक्त ४५० युआन जातात, नोव्हेंबर-डिसेंबरात दरमहा ३,०००. वर्षाचे मिळून १९,०८० (सामाजिक विमा न धरता). वर्षअखेरीला पगार कमी आला की फसवलं असं अनेकांना वाटतं, पण हिशोबच तसा आहे. घरभाड्याचा भत्ता वेगळा दाखवून त्याची अधिकृत पावती, म्हणजे फापियाओ, दिली तर परदेशी शिक्षकाला त्यावर करसवलत मिळते. ही सोय २०२७ अखेरपर्यंत आहे.

आयकराच्या ॲपवर संस्थेने तुमचा पगार किती दाखवलाय ते दरमहा दिसतं. २०,००० ठरलेत, ८,००० दाखवलेत आणि उरलेले कोणाच्या तरी खासगी वुईचॅट खात्यातून येतायत, असं असेल तर तो तुमचा फायदा नव्हे. घरी पैसे पाठवताना बँक कर भरल्याचा दाखला मागते. उद्या तंटा झाला तर कामगार लवादासमोर तुमचा पगार ८,०००च दिसतो.

आणि दोन करार करू नका. एक सरकारला दाखवायचा, एक ‘आपल्यातला’. भांडणात पुढे येतो तो सरकारकडे दिलेला. द्विभाषिक करारात सहसा चिनी मजकूर प्रमाण मानतात, म्हणून चिनी बाजू दुसऱ्या जाणकाराकडून वाचून घ्या. आकडे तुम्हालाही जुळवता येतील, ते दोन्ही बाजूंना सारखेच लिहिलेले असतात.

वुहानहून

एमबीबीएसला आलेल्या आपल्या मुलांसाठी थोडंसं. विद्यार्थी व्हिसावर बालवाडीत ‘तासाला रोख’ शिकवणं हे बेकायदा काम आहे. विद्यापीठाची संमती आणि वास्तव्य परवान्यावर पोलिसांची तशी नोंद नसेल, तर बाहेरचं काम चालत नाही. महाराष्ट्रातून मुलं कर्ज काढून येतात, हातखर्चासाठी मोह होतो हे कळतं. पण पकडल्यावर दंडावर भागलं नाही तर शिक्षणच अर्धवट सुटू शकतं.

शेनझेनहून, शिकवणी केंद्रांबद्दल

२४ जुलै २०२१ ला ‘श्वांगच्येन’ धोरण आलं. पहिली ते नववीच्या शालेय विषयांच्या शिकवण्या नफ्यासाठी चालवायला बंदी, शनिवार-रविवार आणि सुट्यांत त्या घ्यायलाही बंदी. इंग्रजी त्यातच आलं. म्हणून आज एखादं केंद्र आठ वर्षांच्या मुलांना शनिवारी इंग्रजी शिकवायला बोलावत असेल, तर नोंदणीतलं ‘व्यवसायाचं क्षेत्र’ वाचा. तिथे ‘कला-सल्ला’ लिहिलंय आणि वर्गात स्पेलिंग चाललंय, म्हणजे तपासणीच्या दिवशी तुम्हाला मागच्या दाराने बाहेर जायला सांगणार. शिकवणीचा परवाना भिंतीवर लावलेला असतो, मुलाखतीतच त्याचा फोटो मागा.

डबघाईला आलेलं केंद्र ओळखायची खूण फीमध्ये असते. तीन महिन्यांपेक्षा जास्त फी एकदम घेऊ नये असा २०१८ पासूनचा नियम आहे. दोन वर्षांचं पॅकेज अर्ध्या किमतीत विकलं जातंय, म्हणजे आजचा पगार उद्याच्या फीतून निघतोय. पगार पाच दिवस उशिरा आला तर विचारा, दुसऱ्या महिन्यात दहा दिवस उशीर झाला तर निघायच्या तयारीला लागा.

छिंगदाओहून

नोकरी सोडण्याचा भाग राहिला होता. खरं तर तो सही करतानाच वाचायचा असतो.

कामगार करार कायद्याप्रमाणे ३० दिवसांची लेखी नोटीस पुरते, परिवीक्षेत ३ दिवसांची. एक वर्षापासून तीन वर्षांच्या आतल्या करारात परिवीक्षा जास्तीत जास्त २ महिने, पगार किमान ८० टक्के. करारभंगाचा दंड त्या कायद्यात फक्त प्रशिक्षणाचा खर्च आणि स्पर्धक संस्थेत न जाण्याची अट एवढ्यापुरताच आहे. पण परदेशी माणसाला ही सगळी कलमं लावायची की करारात लिहिलंय तेच धरायचं, यात शहरागणिक फरक पडतो, आणि शांघायमध्ये कराराला जास्त वजन आहे. म्हणून ‘मध्येच सोडल्यास तीन पगार’ हे कलम कायद्याच्या भरवशावर सोडू नका, खोडूनच घ्या.

निघताना दोन कागद लागतात: नोकरी संपल्याचा दाखला आणि कामाचा परवाना रद्द झाल्याचं पत्र. हे नसतील तर नव्या संस्थेचा अर्ज अडतो. वाईट संस्था नेमके हेच अडवून धरते. करार संपल्यावर किती दिवसांत देणार ते आकड्यात लिहून घ्या. तरीही अडवले तर १२३३३ या कामगार खात्याच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि लवादाकडे जा. मुदत १ वर्षाची आहे, फी लागत नाही. वुईचॅटवरचे निरोप पुसू नका, तोच पुरावा असतो.

पासपोर्ट संस्थेने ठेवून घ्यायचा नसतो. वास्तव्य परवान्याच्या वेळी तो पोलिसांकडे काही दिवस राहतो, तेव्हा पावती मिळते. ती पावती तुमच्या खिशात हवी, संस्थेच्या कपाटात नको.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. विचारपूसमध्ये एकीने विचारलंय की जाताना पैसे किती न्यावेत. घर ‘एक डिपॉझिट, तीन आगाऊ’ पद्धतीने मिळतं. ३,५०० युआन भाडं असेल तर पहिल्या दिवशी १४,०००, वर दलालाचे. पगार पुढच्या महिन्याच्या १० किंवा १५ तारखेला होतो, म्हणजे ऑगस्टअखेर पोहोचलात तर पहिला पूर्ण पगार ऑक्टोबरच्या मध्यावर. २५ ते ३० हजार युआनची सोय ठेवा, किंवा पहिल्या महिन्याची उचल करारात लिहून घ्या. घरात शिरल्यावर २४ तासांत पोलिसांकडे नोंद व्हायला हवी. मालक येत नसेल तर संस्थेचा माणूस बरोबर येणार का, हे आधीच ठरवा.

सध्या तिथे शिकवणाऱ्याशी बोलायला मिळालं तर “चांगली आहे का?” असं विचारू नका. गेले तीन पगार कोणत्या तारखेला जमा झाले, परवान्यावरचं चिनी नाव काय, आणि तुमच्या आधीचे शिक्षक का गेले, एवढे तीन प्रश्न विचारा. संस्थेने निवडून दिलेल्याऐवजी सोडून गेलेल्या एखाद्याशी बोलता आलं तर जास्त बरं.