कौलारू घरात रेकॉर्डिंग: एसएम ५८, एसएम ५७ की एसएम ७बी?

पेटी_आणि_पाऊस:
घर फोंड्याजवळ, कौलारू. खोली १२ बाय १० फूट, वर फॉल्स सिलिंग नाही, खाली लादी. नाट्यगीते आणि अभंग रेकॉर्ड करायचे आहेत. गाणारा एकच, पेटीही त्याच्याच हाताखाली. चवथीआधी घुमट (कातडे ताणलेले मडक्याचे वाद्य) आरतीही घ्यायची आहे. कंडेन्सर (जास्त संवेदनशील माइक) लावला की पंखा, पागोळ्या आणि शेजारची कोंबडी, सगळी मंडळी रेकॉर्डिंगमध्ये हजर. म्हणून डायनॅमिक घ्यायचा विचार आहे. इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारा डबा) फोकसराइट स्कारलेट २आय२, तिसरी पिढी. शुअरचे एसएम ५८, एसएम ५७ आणि एसएम ७बी डोळ्यांसमोर आहेत. ७बी घेतला तर बूस्टर (माइकचा सिग्नल वाढवणारे छोटे यंत्र) लागतोच का?

मंद्र_सप्तक:
आधी एक गैरसमज. डायनॅमिक माइक आजूबाजूचा आवाज "गाळत" नाही. त्याची संवेदनशीलता कमी असते, त्यामुळे आपण तोंड जवळ नेतो आणि गेन (इंटरफेस सिग्नल किती वाढवतो ते) खाली ठेवतो. खोली मागे पडते ती या जवळिकीमुळे. एसएम ५८ तोंडापासून दीड फुटावर ठेवलात तर तुमची कोंबडी त्यातही येईल.

आता आकडे. एक पास्कल दाबाला, म्हणजे ९४ डेसिबल आवाजाला, ५८ साधारण १.८५ मिलिव्होल्ट देतो, ५७ देतो १.६ आणि ७बी १.१२. म्हणजे ५८ आणि ७बी यांच्यात फरक जेमतेम साडेचार डेसिबलचा. उलट तोंड ५ सेंटिमीटरवरून १० वर गेले की सुमारे ६ डेसिबल जातात. मॉडेलपेक्षा अंतर जास्त खाते, ते असे.

तुमच्या २आय२ चा गेन ५६ डेसिबलपर्यंत जातो. खुल्या आवाजात गाणाऱ्याला १० सेंटिमीटरवर ५८ साठी ४० ते ४५ पुरतो, ७बी ला त्याहून चार-पाच जास्त. गाण्याला बूस्टर नको. हळू आवाजातले निवेदन किंवा कथावाचन करायचे असेल तर ७बी च्या वेळी गेन टोकाला जातो आणि मागे सूं ऐकू येते; तिथे क्लाउडलिफ्टर (सुमारे २५ डेसिबल) किंवा फेटहेड (सुमारे २७) कामी येतो. त्यांना ४८ व्होल्टचा फँटम (इंटरफेसमधून केबलवाटे जाणारा वीजपुरवठा) चालू करावा लागतो, तो माइकपर्यंत पोचत नाही. चालू करताना हेडफोनचा आवाज खाली घ्या, नाहीतर कानात फटका बसतो.

या तिन्हींचे मूळ युनिडाइन ३ या एकाच कॅप्सूल (आवाज पकडणारा आतला भाग) घराण्यातले. ५७ आला १९६५ मध्ये, ५८ त्याच्या पुढच्या वर्षी. मोठा फरक जाळीचा. ५८ ची गोल जाळी ओठांना कॅप्सूलपासून थोडे लांब ठेवते आणि हवा अडवते. ७बी मध्ये जाड फोम आणि मागे खर्ज कापायची व आवाज पुढे आणायची बटणे. चांगला माइक आहे, पण उघड्या कौलांच्या खोलीत त्याचे जादा पैसे ऐकू येणार नाहीत. माझे मत: ५८ घ्या, उरलेल्या पैशांत बूम स्टँड आणि दोन जाड रजया. एक गाणाऱ्याच्या पाठीमागे, एक लादीवर.

काळी_पाच:
५८ शी सहमत, पण खरा प्रश्न दिशेचा आहे. ५८ कार्डिऑइड आहे, म्हणजे सर्वांत बहिरा तो शेपटीकडे, जिथे केबल लागते. जो आवाज नको तो शेपटीच्या रेषेत आणायचा. पंखा वर आहे, म्हणून माइक वरून खाली तोंडाकडे झुकवावा असे वाटते. पण पेटी खाली आहे. तिला टाळायचे तर माइक खालून वर बघायला हवा, शेपटी पेटीकडे. बहिरी बाजू एकच, गिऱ्हाइके दोन. तेव्हा पंखा बंद करा आणि बाजू पेटीला द्या. पाऊस तर अख्ख्या छपरावर वाजतो, त्याला शेपूट दाखवून उपयोग नाही. सर जाईपर्यंत थांबायचे. सुपरकार्डिऑइड (बीटा ५८ए वगैरे) घेतलात तर गणित बदलते: तो सर्वांत बहिरा असतो मागच्या दोन्ही कोपऱ्यांत, समोरून मोजले तर साधारण १२६ अंशांवर, आणि थेट शेपटीतून थोडे ऐकतो.

पेटीला वेगळा माइक द्यायचा असेल तर ५७, भात्याच्या बाजूने, झाकणापासून ३० ते ४० सेंटिमीटर वर. अगदी जवळ नेला तर भात्याची धाप आणि पट्ट्यांची टकटक सुरांपेक्षा मोठी होते. दोन माइकांमधले अंतर गळ्यापासून त्याच्या माइकाच्या अंतराच्या किमान तिप्पट ठेवा. गळा १० सेंटिमीटरवर असेल तर पेटीचा माइक त्या माइकापासून ३० सेंटिमीटर तरी लांब. नाहीतर दोन्ही ट्रॅक एकत्र वाजवले की आवाज पोकळ होतो.

आणि महाप्राण. हाताचा तळवा तोंडासमोर धरून "भ" म्हणा, हवेचा झोत नेमका कुठे लागतो ते कळेल. माइक त्या झोताच्या बाजूला, ओठांच्या कोपऱ्याशी, ४५ अंशांत तिरका. अभंगात "भ" टाळता येत नाही, माइक हलवता येतो.

घुमटवाला:
घुमटाचे राहिले. कातड्यापासून साधारण ३० सेंटिमीटर, कोनात, ५७ लावा. मडक्याच्या अरुंद तोंडासमोर मात्र कधीच नको. डावा तळवा तिथे उघडझाप करतो, आतली हवा बाहेर फेकली जाते आणि मीटर लाल होतो. कातड्याचा "टण्" आणि तोंडाचा घुमार दोन्ही हवे असतील तर माइक बाजूने ठेवा. पूर्ण मेळ असेल तर एकच माइक, दीड मीटरवर, छातीच्या उंचीवर. कासाळे (मोठी झांज) वाजवणाऱ्याला दोन पावले मागे बसवा, ते सगळ्यांना झाकते. गेन शेवटच्या आरतीच्या जोरावर ठरवा, पहिलीच्या नव्हे, कारण लय चढते तसा हातही चढतो. सर्वांत मोठा ठोका मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. २४ बिटमध्ये तेवढी जागा सोडून काही बिघडत नाही.

पेटी_आणि_पाऊस:
धन्यवाद. तपासायला एक साधा डायनॅमिक माइक उसना आणला आहे. गेन पूर्ण वर, तरी आवाज बारीक, मागे घुर्र आहे. माइकच खराब का?

मंद्र_सप्तक:
केबलचे इंटरफेसकडचे टोक बघा. तीन पिनांचे की जाड, एका काळ्या पट्टीचे?

पेटी_आणि_पाऊस:
जाड, एक पट्टी. माइकबरोबर तीच आली.

मंद्र_सप्तक:
मग माइक बिचारा निर्दोष. ती मोनो केबल कराओके मशिनसाठी असते. स्कारलेटच्या भोकात ती घातली की सिग्नल माइकच्या प्रीअँपकडे (बारीक सिग्नल वाढवणारा भाग) न जाता लाइन किंवा गिटारच्या वाटेने जातो. त्या वाटेला मिलिव्होल्टभर सिग्नल पुरत नाही. शिवाय केबल बॅलन्स्ड (बाहेरची घुर्र कापणारी) नाही, म्हणून वायरिंगची घुर्र आत शिरते. दोन्ही टोकांना एक्सएलआर (तीन पिनांचे टोक) असलेली तीन मीटरची केबल घ्या. तरीही घुर्र राहिली तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर ऐका. बॅटरीवर गेली तर दोष चार्जरचा किंवा घराच्या अर्थिंगचा. माइकला हात लावल्यावर घुर्र बदलत असेल तर आधी केबलमधल्या शिल्डचे (तारांभोवतीच्या धातूच्या जाळीचे) टाके तपासा.

काळी_पाच:
खरेदीबद्दल: ५८ च्या नकला बाजारात भरपूर. अस्सल माइकचे वजन २९८ ग्रॅम, स्वयंपाकघरातल्या काट्यावरही कळते. नकली बहुतेक वेळा हलका लागतो. पक्के बिल आणि अधिकृत विक्रेता, बाकी घासाघीस नको.

घुमटवाला:
आणि आपल्या हवेत डायनॅमिकही अमर नाही. जून ते सप्टेंबर तो पाऊचमध्ये ठेवू नका, रेक्झिनच्या आत बुरशी धरते. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल. दाणे रंग बदलले की मंद आचेवर तापवून परत वापरा. ५८ ची जाळी फिरवून निघते. तिला साध्या साबणाच्या पाण्यात धुवा, आतला फोम पूर्ण सुकल्याशिवाय चढवू नका. जाळी काढलेला माइक लोखंडाचा कीस पडलेल्या टेबलावर ठेवू नका, आतले चुंबक कीस ओढते आणि आवाज खरखरतो. एक्सएलआरच्या पिना हिरवट दिसल्या तर आयसोप्रोपिल अल्कोहोलात कापूस बुडवून पुसा. ५७ घेणार असाल तर बाहेरचा फोम त्याच दिवशी घ्या. त्याच्याशिवाय तो गळ्यासाठी नाही.