मदत हवी आहे : वाय गुणसूत्रातील त्रुटी आणि पुढचा निर्णय

सर्वांना नमस्कार. आम्ही जुळे सोलापूर भागात राहतो. लग्नाला सहा वर्षे झाली. माझ्या दोन्ही वीर्यतपासण्यांत शुक्राणू शून्य आले आणि त्यानंतरच्या जनुकीय तपासणीत, वाय गुणसूत्राच्या लांब भुजेवरचा, शुक्राणुनिर्मितीशी निगडित ‘डॅझ’ जनुके असलेला एझेडएफ-सी हा तुकडा गळाल्याचे आढळले. (आईने मात्र इतकी वर्षे काढे सुनेलाच पाजले.) सी तुकडा नसतानाही सूक्ष्मदर्शकाखाली शस्त्रक्रिया करून वृषणातून शुक्राणू मिळू शकतात, परंतु मुलगा झाल्यास हीच त्रुटी त्याच्याकडे जाईल, असे डॉक्टरांनी सांगितले. यातून गेलेल्यांनी ही शस्त्रक्रिया सोलापुरातच केली की पुण्याला जावे लागले, आणि जनुकीय समुपदेशन कोठे मिळाले, हे कृपया कळवावे.